चौकटीबाहेरची नदी

मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांच्या मागल्या पानांत एक लेखप्रकार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगलाच रुजला आहे. समीक्षकांनी त्याची अद्याप दखल घेतलेली नसल्याने त्याला नाव नाही. आपण सोयीसाठी त्याला ‘दुसऱ्या खेळीचा लेख’ म्हणू. त्याचा साचा ठरलेला असतो. नायक पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या मोठ्या कारखान्यातून वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेला अभियंता. तीस-पस्तीस वर्षे पहिल्या पाळीचा भोंगा, उत्पादनाचे लक्ष्य, जपानी शिस्त आणि युनियनच्या वाटाघाटी. मग शाल, श्रीफळ, निरोपाचे भाषण. त्यानंतरच्या रिकामपणात परदेशस्थ मुलाने कॅमेरा आणून दिला आणि आयुष्य बदलले. भिगवणचे रोहित, ताडोब्यातील वाघीण, कच्छच्या रणातली पहाट. अलीकडे या यादीत एका नव्या छंदाची भर पडलेली दिसते. हिमाचलातल्या तीर्थन नदीत कमरेपर्यंत रबरी विजार घालून उभे राहायचे, पिसांची खोटी माशी लांबलचक दोरीने पाण्यावर अलगद टेकवायची, ट्राउट मासा लागला की त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. लेखाचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: आयुष्यभर कंपनीसाठी जगलो, आता स्वतःसाठी जगतो आहे.

या लेखांतील माणसांविषयी आमचे काही म्हणणे नाही. म्हातारपणी कोणी काय करावे हे सांगणारे लोक आपल्या समाजात आधीच पुरेसे आहेत. आमचे भांडण लेखाशी आहे, त्याच्या रचनेशी आहे आणि ती रचना ज्या गोष्टी सफाईने चौकटीबाहेर ठेवते त्यांच्याशी आहे. या लेखात नदी असते, पण ती नेहमी दूरची असते. नायकाचे घर चिंचवडला पवनेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर असते किंवा मोशीत इंद्रायणीच्या काठी असते. त्या नदीचा लेखात उल्लेखही नसतो. कॅमेरा तिच्याकडे वळत नाही, आणि गळ तिच्यात पडण्याचा तर प्रश्नच नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मराठी वाचकवर्गाचा एक भाग अशा छंदांकडे तुच्छतेने पाहतो. निवृत्ताने हरिपाठ म्हणावा, नातवंडे सांभाळावीत, फार तर ज्येष्ठ नागरिक संघात योगासने करावीत; लाखभर रुपयांची लेन्स आणि माशांशी खेळ ही साहेबी थेरे आहेत, असे या मंडळींचे मत. आम्हांला हे मत मुळीच मान्य नाही. इंग्रजी गद्यातल्या एका अभिजात पुस्तकाचा लेखक आयझॅक वॉल्टन हा लंडनमधला कापडाचा व्यापारी होता. त्याने ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली प्रसिद्ध केले तेव्हा तो साठीच्या घरात होता, आणि त्यानंतरही वीसहून अधिक वर्षे तो त्या पुस्तकात भर घालत राहिला. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने कृत्रिम माशीने मासे धरण्याविषयीचा भाग जोडला. आपल्याकडचे उदाहरण हवे तर जिम कॉर्बेटचे घ्या. मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेण्याचे काम त्याने वीस वर्षांहून अधिक काळ केले. पुढच्या आयुष्यात त्याने बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याला अधिक जवळ केले. १९४४ साली आलेल्या त्याच्या नरभक्षकांवरच्या पुस्तकात वाघांच्या कथांच्या मधोमध महाशीर माशाच्या गळेरीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सारांश, निवृत्त माणूस, कॅमेरा आणि गळ या त्रयीतून साहित्य निर्माण होऊ शकते, ज्ञानही निर्माण होऊ शकते. मग आपल्याकडे त्यातून निव्वळ ‘दुसऱ्या खेळीचे लेख’च का निर्माण होतात, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक कारण भाषेत आहे. आपल्याकडे मासे धरण्याला ‘मासेमारी’ म्हणतात. मारणे त्या शब्दातच आहे. ‘गळ टाकणे’, ‘गळाला लागणे’ हे वाक्प्रचार फसवणुकीचे. एखाद्याला ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे त्याचा द्वेष करणे. पाणी, मासा आणि गळ यांच्याविषयी प्रमाण मराठीने जे काही साठवून ठेवले आहे ते मुख्यतः काठावर उभ्या असलेल्या, पाण्यात न उतरणाऱ्या माणसाचे आहे. पाण्यात उतरणाऱ्यांची, म्हणजे भोई, कोळी, कातकरी, ठाकर यांची भाषा वेगळी होती, तपशिलाने भरलेली होती. पण ती ग्रंथांत आली नाही. याला जातिव्यवस्थेखेरीज दुसरे कारण शोधण्याची गरज नाही. जो मासे धरतो तो लिहीत नाही आणि जो लिहितो तो मासे धरत नाही, अशी आपल्याकडची वाटणी होती. आज पहिल्यांदाच लिहिता-वाचता मध्यमवर्गीय माणूस हातात गळ घेऊन पाण्यात उभा आहे. एवढी मोठी सांस्कृतिक घटना घडत असताना त्याच्या तोंडी भाषा कोणती, तर आयात केलेली. दोरीला लाइन, माशीला फ्लाय, सोडून देण्याला रिलीज. त्याला मराठी शब्द हवे असतील तर ते इंद्रायणीच्या आणि भीमेच्या काठच्या भोई वस्तीत मिळतील. तिथे तो जात नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. फ्लाय फिशिंग हा छंद इतर छंदांसारखा नाही. त्याची एक कठोर अट आहे. त्यात गळाला लावायची माशी पिसे, लोकर आणि दोरा यांनी हाताने बांधावी लागते आणि ती त्या नदीतल्या, त्या ऋतूतल्या खऱ्या कीटकासारखी दिसावी लागते. म्हणून या छंदात मुरलेला माणूस पाण्यातला दगड उलटा करून पाहतो. त्या दगडाच्या पोटाला मेफ्लाय, स्टोनफ्लाय अशा कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या असतात. या अळ्यांना वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी नासले की त्यांतल्या नाजूक जाती आधी नाहीशा होतात, आणि त्यांच्या जागी चिखलात वळवळणारे तांबडे किडे येतात. जगभरचे जीवशास्त्रज्ञ नदीची तब्येत याच कीटकांवरून ओळखतात. याचा अर्थ असा की खरा फ्लाय फिशर हा, त्याची इच्छा असो वा नसो, नदीचा निरीक्षक असतो. चिंचवडच्या निवृत्त अभियंत्याला आपली माशी पाण्यावर टेकवण्यासाठी हिमाचलात का जावे लागते, याचे उत्तर रम्य निसर्ग, हवापालट वगैरे नाही. मोरया गोसावींच्या समाधिमंदिराखाली पवनेतला दगड उलटा करून पाहिला तर उत्तर मिळते. घर आणि गळ यांच्यातले ते हजार-दीड हजार किलोमीटरचे अंतर म्हणजे त्याच्या स्वतःच्या नदीच्या मरणाचे माप आहे. ‘दुसऱ्या खेळीचा लेख’ या अंतराचा उल्लेख प्रवासवर्णन म्हणून करतो.

त्यातली विटंबना पुढेच आहे. तीर्थनमधला ट्राउट हा मूळचा हिमालयातला मासाच नाही. विसाव्या शतकाच्या आगेमागे ब्रिटिश साहेबांनी स्वतःच्या करमणुकीसाठी तो युरोपातून आणून आधी काश्मिरात आणि मग कुल्लूच्या खोऱ्यात सोडला. आणि ज्या माशासाठी इंग्रज शिकारी हिंदुस्थानभर हिंडले, तो महाशीर आपल्या घरचा. ले. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर फिरला. इथल्या माशांचे त्याने शास्त्रीय वर्णन केले, आणि कित्येक माशांना नावे देताना कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्दच लॅटिनच्या मागे जोडले. दख्खनी महाशिराला त्याने दिलेले ‘खुद्री’ हे नाव असेच आले आहे. त्या जातीचा शास्त्राने नोंदवलेला पहिला नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते आणि मुळा पुढे मुठेला. म्हणजे जगातल्या कुठल्याही मत्स्यशास्त्राच्या ग्रंथात ‘टॉर खुद्री’ हे नाव छापले जाते तेव्हा त्यामागे आपल्याच नदीचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर आज तो मासा राहत नाही. तिथे पाहुणी म्हणून आलेली चिलापी राहते, कारण तिला कसलेही पाणी चालते.

औद्योगिक पट्ट्याचा आणि या माशाचा संबंध एवढ्यावर संपत नाही, आणि इथे आमच्या टीकाविषयाच्या बाजूने एक मोठी साक्ष द्यायला हवी. इंद्रायणीच्या उगमप्रदेशात लोणावळ्याजवळ वळवणचे धरण आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेचे. १९७० च्या दशकात या वीज कंपनीने तिथे महाशिराचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. राज्याच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी आणि कंपनीचे एस. एन. ओगले ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. वीज निर्माण करणाऱ्या कंपनीच्या आवारात माशांची अंडी उबवली जावीत, लाखोंच्या संख्येने पिल्ले देशभर पाठवली जावीत, हे मराठी मुलखातल्या विज्ञानाच्या इतिहासातले एक देखणे प्रकरण आहे. ज्याला आपण छंद म्हणतो त्यात जेव्हा अभियंत्याची शिस्त उतरते तेव्हा काय घडू शकते याचा हा दाखला.

परंतु हे प्रकरण पुढे वाचले पाहिजे. ही पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा, वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महाशीर होता. गळेरी लोक त्याच्यासाठी जगभरातून येत. हळूहळू तो दिसेनासा झाला आणि निळसर परांचा दख्खनी महाशीर मात्र वाढला. हे कळले कोणाला आणि कसे? गॅलिबोरच्या छावणीत गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनी १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक माशाची जात, वजन आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवला होता. सुमारे सहा हजार माशांची ती नोंद होती. संशोधकांनी त्या वह्या तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. २०१८ साली त्या उंचवट्याच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त असल्याचेही जाहीर झाले. मावळातल्या सद्भावनेने कावेरीतल्या एका जातीला संकटात लोटण्यास हातभार लावला, आणि ते उघडकीस आणले हौशी माणसांच्या वह्यांनी. या एका कथेत छंदाचे सामर्थ्य आणि छंदाचा धोका दोन्ही आहेत. पाहिलेले, तारखेनिशी लिहून ठेवलेले सत्य वीस वर्षांनी उपयोगी पडते. न पाहता केलेले पुण्यकर्म मात्र महागात जाते.

आता छायाचित्रणाकडे येऊ. भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे छायाचित्र नाही असा पुण्यातला किंवा पिंपरी-चिंचवडमधला हौशी छायाचित्रकार दाखवून द्यावा. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या परिसरात हिवाळ्यात हे पक्षी येतात. पहाटेचे धुके, गुलाबी पंख, आरशासारखे पाणी. ते पाणी येते कुठून? पवना मुळेत, मुळा मुठेत, मुळा-मुठा भीमेत. इंद्रायणी तुळापूरला भीमेत. आणि भीमा उजनीत. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत ज्या मोऱ्या आणि नाले नदीत उतरतात, चाकणच्या ओढ्यांतून जे वाहते, ते सगळे त्या आरशात जाऊन थांबते. मैलापाण्यातली नत्र-स्फुरदाची रेलचेल शेवाळ वाढवते, त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात, आणि त्या अन्नसाखळीच्या एका टोकाला चोच वाकडी करून चिखल गाळणारा हा पक्षी उभा असतो. याचा अर्थ रोहितच्या छायाचित्रात आपली मोरी आहे. चिंचवडचा माणूस शंभराहून अधिक किलोमीटर गाडी चालवून जातो आणि स्वतःच्याच शहराचे सांडपाणी सोनेरी उजेडात टिपून आणतो. त्याला हे ठाऊक असते तर ते छायाचित्र अधिक थरारक झाले असते. पण त्याच्या खालच्या ओळीत पक्ष्याचे इंग्रजी नाव, कॅमेऱ्याची जात, लेन्सची लांबी आणि शटरचा वेग एवढेच असते. आणखी एक गोष्ट त्या चित्रात नसते. नाव वल्हवणारा माणूस. तो पूर्वी इथे जाळे टाकून पोट भरत असे. आता पाहुण्यांना पक्षी दाखवतो. त्याला कोणता पक्षी केव्हा येतो हे पुस्तकाशिवाय कळते. चौकट आखताना त्याचे वल्हे आत आले तर ते कापले जाते.

यावर एक ठराविक आक्षेप येईल. कलावंताला निवडीचे स्वातंत्र्य आहे. सौंदर्य टिपणाऱ्याने गटारही टिपावे ही मागणी म्हणजे कलेवर उपयुक्ततेचे जोखड. फडके-खांडेकर वादापासून मराठीत हे वाक्य नाना रूपांनी ऐकू येत आले आहे, आणि प्रत्येक पिढीत ते नव्याने शोधले जाते. आमचे उत्तर साधे आहे. आम्ही उपयुक्ततेची मागणी करत नाही. प्रदूषणाविरुद्ध प्रदर्शन भरवा, फलक धरा असेही सांगत नाही. आमची मागणी कलेच्या आतलीच आहे. पाहणे ही ज्याची कला, त्याने पाहावे. बारा महिने, तीस वर्षे ज्या पुलावरून कारखान्यात गेलो त्या पुलाखालची नदी ज्याला कधी दिसली नाही, त्याच्या नजरेला निवृत्तीनंतर अचानक निसर्गाची दृष्टी लाभली, हे आम्हांला पटत नाही. त्याला लाभली ती लेन्स.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नदी काय या माणसाने नासवली? तो उत्पादन विभागात होता. आणि नदीतली बरीचशी घाण तर कारखान्यांची नसून शहराच्या मैलापाण्याची आहे. हे खरे आहे, आणि कारखान्यांना सैतान ठरवून मोकळे होणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६० च्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, आणि शेतीच्या तुकड्यांवर जगणारा हा मुलूख दोन पिढ्यांत पगारी झाला. टेल्कोच्या माळरानावर सुमंत मुळगावकरांनी कारखाना उभारताना हजारो झाडे लावली, तळे केले, त्या तळ्यावर पक्षी आले. उद्योग आणि पाणी यांचे वैर अटळ आहे असे ज्याला वाटते त्याने ते तळे आठवावे. पण हाच आक्षेप उलटाही फिरतो. मैलापाणी कोणाचे? महापालिका १९८२ साली झाली. त्यानंतर वाकड, रावेत, मोशी, चिखली या गावांच्या शेतांवर जी घरे उभी राहिली, त्यांत या निवृत्तांची घरे आहेत आणि, आम्ही अध्यापकही काही हवेत तरंगत नाही, आमचीही आहेत. नदीचे दर्शन होते म्हणून जास्त दर मोजून घेतलेल्या सदनिकांच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये महापालिकेने न्यायालयीन आदेशानुसार पाडले. नदी जवळ हवी, पण देखावा म्हणून. हीच वृत्ती त्या बांधकामांत आहे आणि हीच त्या छायाचित्रांत.

आमचा या अभियंत्यावर विशेष रोख आहे तो वेगळ्या कारणाने. त्याच्याजवळ असे काही आहे जे कवीजवळ नाही आणि कीर्तनकाराजवळही नाही. तीस वर्षे त्याने मोजमाप केले आहे. आखलेल्या मर्यादेपेक्षा काही मायक्रॉन जास्त भरलेला भाग त्याने निर्दयपणे नापास केला आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा आराखडा तो वाचू शकतो. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर असू नये आणि स्नानयोग्य नदीत ती ३ च्या वर जाऊ नये, या दोन आकड्यांमधली दरी त्याला समजावून सांगावी लागत नाही. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, ऐन वारीच्या तोंडावर त्याची छायाचित्रे गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा छापून आली आहेत. वारकरी त्या फेसाकडे पाहून हळहळतो आणि स्नान करतो. पुढारी आश्वासन देतो. आम्ही मराठीचे लोक त्यावर कविता लिहितो, आणि त्या कविता त्या फेसाइतक्याच टिकतात. तो फेस कशाचा, कुठल्या नाल्यातून, कोणत्या वेळी, किती, हे शिस्तीने विचारू शकेल असा एकच वर्ग या शहरात आहे. त्याला आता वेळही आहे, निवृत्तिवेतनाची नाही तरी भविष्यनिर्वाह निधीची निश्चिंती आहे, आणि त्याच्या हाती दूरवरचे टिपणारा कॅमेरा आहे. नेमका तो हिमाचलात आहे.

वेळ आणि निश्चिंती यांचाही विचार व्हायला हवा. ‘दुसरी खेळी’ ही कल्पनाच ज्यांना पहिली खेळी पूर्ण खेळायला मिळाली त्यांची आहे. बजाजचे आकुर्डीतले उत्पादन २००७ साली थांबले. त्याआधीच चाकणचा पट्टा उभा राहू लागला होता, आणि त्यानंतर तो झपाट्याने भरला. तिथल्या बऱ्याच हातांना कायमची नोकरी नाही. कंत्राट आहे, प्रशिक्षणार्थीपण आहे, अकरा महिन्यांनी बदलणारे ओळखपत्र आहे. आमच्या वर्गात बसणारी कित्येक मुले रात्रपाळी करून येतात. त्यांना निवृत्ती हा शब्द ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचे नाव म्हणून ठाऊक आहे, पगारी आयुष्याचा टप्पा म्हणून ते त्याची वाट पाहत नाहीत. या मुलांना साठाव्या वर्षी हिमाचलात जाता येणार नाही. त्यांच्या वाट्याला जी नदी येणार आहे ती हीच. म्हणून नदीची ही बाब कुणाच्या छंदापुरती किंवा आवडीनिवडीपुरती राहत नाही. ज्या पिढीला या शहराने सगळ्यात जास्त दिले, ती जाताना मागे काय ठेवते, असा हा हिशेब आहे.

उलटे उदाहरण शोधायला लांब जायला नको. मारुती चितमपल्ली सरकारी वनाधिकारी होते. नोकरी आणि पाहणे यांच्यात त्यांनी भिंत बांधली नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना वेगळे ‘जगणे’ सुरू करावे लागले नाही. रानातल्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावे गोळा केली, कोश रचले, आणि मराठीला शेकडो शब्द परत मिळवून दिले. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा अग्रलेखांनी त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणून निरोप दिला. ऋषी म्हटले की अनुकरणाची जबाबदारी टळते, ही आपली जुनी युक्ती. वस्तुतः त्यांची पद्धत कोणालाही जमण्यासारखी होती: एका जागी वारंवार जाणे, तिथल्या माणसांना विचारणे, लिहून ठेवणे. अरण्याला असा लेखक मिळाला. औद्योगिक पट्ट्यातल्या नदीला अजून मिळालेला नाही. आपल्या निसर्गलेखनाला नागझिरा चालतो, कासारवाडी चालत नाही. निसर्ग म्हणजे जिथे आपण राहत नाही ती जागा, ही व्याख्या आपण कधी स्वीकारली?

देहूचा विचार करून पाहा. तिथल्या डोहातले मासे वारकऱ्यांनी देवाचे मानले; त्यांना कोणी गळ लावत नाही, लोक त्यांना खायला घालतात. धरून सोडून देण्याच्या विलायती नीतीच्या कितीतरी आधी, न धरण्याची ही देशी नीती आपल्या नदीवर होती. या श्रद्धेने जे वाचवले ते नालीने मारले. डोहात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण वाचल्या आहेत. भक्ती माशाला गळापासून वाचवू शकते, प्राणवायूच्या अभावापासून वाचवू शकत नाही. तिथे मोजणारा माणूस लागतो, रोज येणारा माणूस लागतो, तारीख घालून छायाचित्र ठेवणारा माणूस लागतो. गॅलिबोरच्या वह्यांसारखी एक वही देहूच्या घाटावर वीस वर्षांपूर्वी सुरू झाली असती तर आज न्यायाधिकरणापुढे हळहळीऐवजी पुरावा असता.

तेव्हा निवृत्तांनी भिगवणला जाऊ नये, तीर्थनमध्ये माशी टेकवू नये, असे आम्ही म्हणणार नाही. जरूर जावे. परत आल्यावर तोच कॅमेरा घेऊन महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, ठरल्या दगडावर उभे राहून घराजवळच्या नदीचे एक छायाचित्र घ्यावे. खाली ठिकाण, वेळ, पाण्याचा रंग, वास आणि दिसलेले जीव लिहावेत. भोई वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून माशांची नावे विचारून घ्यावीत, कारण साइक्सने ती विचारली होती आणि त्यानंतर आपण दोनशे वर्षे विचारलेली नाहीत.

आणि आमचा शेवटचा शब्द आमच्याच बिरादरीतल्या संपादकांना. पुढच्या दिवाळी अंकासाठी ‘दुसऱ्या खेळीचा लेख’ मागवाल तेव्हा लेखकाला एक प्रश्न जरूर पाठवा. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळची नदी कोणती, आणि तिचे शेवटचे छायाचित्र तुम्ही केव्हा काढले? उत्तर आले नाही तर लेख परत करा. रोहितचे चित्र मुखपृष्ठावर छापायचेच असेल तर छापा, पण त्याखाली पाण्याचा पत्ता द्या: पवना, मुळा, इंद्रायणी, भीमा, मुक्काम उजनी.